कॅमलचं अ‍ॅप एका जारमध्ये बांधायचं तर: शेड सोडून स्प्रिंग बूटच्या प्लगइनवर आलो त्याचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बरीच कुरकुर करणार आहे आणि मग कोणीतरी विचारणार की एवढा त्रास आहे तर वापरतोस कशाला. प्रॉडक्ट म्हणजे स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कचं प्लगइन, मेव्हन या बिल्ड टूलसाठीचं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि मेन काम एकच, तुमचं अ‍ॅप आणि त्याला लागणाऱ्या सगळ्या लायब्ऱ्या एका जार फाइलमध्ये बांधून देणं, म्हणजे सर्व्हरवर ती एक फाइल टाकायची, जावा हायफन जार म्हणायचं की चालू. वेब अ‍ॅपवाल्यांनी यावर ढिगाने लिहिलंय. मी लिहितोय इंटिग्रेशनवाल्यांसाठी, म्हणजे जे अपाची कॅमल (वेगवेगळ्या सिस्टिम्स जोडणारी जावा लायब्ररी) वापरतात, कारण आपली दुखणी वेगळी असतात आणि ती "हॅलो वर्ल्ड" करून बघणाऱ्याला कधी दिसतच नाहीत.

मी मगरपट्ट्याला बसतो, काम इंटिग्रेशनचं, थोडक्यात प्लंबिंग. एसएफटीपीवरून फोल्डरमध्ये पडलेली फाइल उचलायची, पीजीपीने (एन्क्रिप्शन) बांधलेली असेल तर सोडवायची, ओळीओळीने फोडायची, एक्सएमएल करायचं, एक्सएसडीला (एक्सएमएलचा साचा ठरवणारी फाइल) धरून तपासायचं, पलीकडच्या सोप सर्व्हिसला (एक्सएमएलवर चालणारी वेब सर्व्हिस) द्यायचं, एक कॉपी क्यूवर टाकायची आणि काही बिघडलं तर रात्री अडीचला फोन घ्यायचा. क्लायंट लॉजिस्टिक्समधला, नाव सांगत नाही, सर्व्हर नवी मुंबईतल्या डेटा सेंटरला, आणि तिथे आपल्याला लॉगिन नसतं. हे महत्त्वाचं आहे. आपण फाइल द्यायची आणि सोबत एक पानभर सूचना, टाकणार तिथले ऑप्सवाले, म्हणजे सर्व्हर सांभाळणारे. त्यामुळे जे काही देऊ ते एका फाइलीत, कमीत कमी पायऱ्यांत आणि शक्यतो कोणाला आत हात घालावा न लागता चाललं पाहिजे.

आधी आम्ही वॉर फाइल (जावा वेब अ‍ॅपचं पॅकेज) द्यायचो, एका सामायिक अ‍ॅप सर्व्हरवर. ते दिवस आठवायचे नाहीत. आपली एक लायब्ररी, सर्व्हरच्या लिब फोल्डरमध्ये तीच लायब्ररी जुन्या व्हर्जनची, शेजारच्या टीमचं तिसरंच व्हर्जन, आणि रीस्टार्ट करायचा तर चार टीम्सची परवानगी. असो.

मग २०२० मध्ये ठरलं की स्वतंत्र जार करायचा, आणि तेव्हा हाताशी होतं मेव्हनचं शेड प्लगइन. शेड काय करतं तर सगळ्या जार फोडतं, आतल्या क्लास फाइल्स बाहेर काढतं आणि सगळं एका मोठ्या जारमध्ये ओततं. ऐकायला छान वाटतं. पॉममध्ये (मेव्हनची सेटिंगची फाइल) दहा-बारा ओळी टाकल्या, मेव्हन क्लीन पॅकेज केलं, जार तयार. बिल्ड चालू असताना पिवळ्या अक्षरांत वॉर्निंग्ज आल्या की अमुक जार आणि तमुक जारमध्ये सारखेच रिसोर्स आहेत, त्या कोण वाचतो, हिरव्या अक्षरांत बिल्ड सक्सेस आलं की आपण चहाला.

आयडीईत चालत होतं, टेस्ट पास होत्या. क्लायंटकडे यूएटीला (प्रॉडक्शनच्या आधीचा चाचणीचा सर्व्हर) टाकलं आणि पहिल्याच फाइलला फुटलं. एरर असा की जेनेरिकफाइल या टाइपवरून इनपुटस्ट्रीम या टाइपला नेणारा टाइप कन्व्हर्टर उपलब्ध नाही. मी तो एरर चारदा वाचला. अरे, फाइल वाचणं हे कॅमलचं सगळ्यात पहिलं काम, बालवाडीतलं, ते कसं येत नाही तुला? कॅमल-फाइलची लायब्ररी आत आहे का बघितलं, आहे. कन्व्हर्टरची क्लास फाइल बघितली, तीही आहे. दोन दिवस मी आणि आमचा टीम लीड व्हर्जन खालीवर करत बसलो, तो म्हणे "अरे कॅशे क्लिअर कर, लोकल रिपॉझिटरी उडव", उडवली, परत सगळं डाउनलोड झालं, एरर तोच.

कारण कळलं तेव्हा स्वतःचीच लाज वाटली. कॅमलच्या ज्या ज्या जारमध्ये टाइप कन्व्हर्टर असतात, तिच्या मेटा-आयएनएफ फोल्डरमध्ये, सर्व्हिसेसच्या आत, टाइपकन्व्हर्टरलोडर नावाची एक छोटी टेक्स्ट फाइल असते आणि त्या जारमधल्या लोडरचं नाव तिच्यात लिहिलेलं असतं. प्रत्येक जारमध्ये फाइलचं नाव तेच, आतली ओळ वेगळी. कॅमल सुरू होताना क्लासपाथवरच्या (जावा जिथे जिथे क्लास शोधतो त्या जागा) अशा सगळ्या फाइल्स गोळा करतं आणि त्यावरून कोण कशाचं काय करू शकतो ते ठरवतं. आता शेडने सगळ्या जार एकात ओतल्यावर एका जागी एका नावाची एकच फाइल राहू शकते ना. पहिली आली ती राहिली, बाकीच्या गेल्या. क्लास आहे, पण तो आहे हे सांगणारी चिठ्ठी हरवली. रेशन कार्डावरचं नाव गेलं, माणूस घरातच.

आणि ही एकच चिठ्ठी नाही. स्प्रिंगच्या एक्सएमएलमध्ये राउट (कुठून घ्यायचं आणि कुठे द्यायचं तो मार्ग) लिहीत असाल तर स्प्रिंग डॉट हँडलर्स आणि स्प्रिंग डॉट स्कीमाज या दोन फाइल्सचंही तेच, त्या अर्धवट राहिल्या की अमुक नेमस्पेसचा हँडलर सापडत नाही म्हणून कॉन्टेक्स्टच उभा राहत नाही. लॉगिंगला लॉग-फोर-जे टू असेल तर त्याची प्लगइन्सची डॅट फाइल, ती तर बायनरी, ती अशीच पुसली गेली की लॉगमध्ये तारखेच्या जागी फॉरमॅट कळत नाही म्हणून बोंबाबोंब. वर आमच्याकडे पीजीपीसाठी बाउन्सी कॅसल होतं, त्याची जार सही केलेली असते, ती सहीची फाइल मोठ्या जारमध्ये गेली की जावा म्हणणार सही जुळत नाही, सिक्युरिटी एक्सेप्शन, अ‍ॅप सुरूसुद्धा होत नाही.

यावर इलाज आहेत, नाही असं नाही. शेडमध्ये ट्रान्सफॉर्मर नावाचा प्रकार आहे, अमुक फाइल ओव्हरराइट न करता जोडत जा असं सांगता येतं, सहीच्या फाइल्स फिल्टर लावून गाळता येतात. कॅमलवाल्यांनीही त्यांच्या मेव्हन प्लगइनमध्ये प्रिपेअर-फॅटजार नावाचा गोल (मेव्हनच्या भाषेत प्लगइनचं एक काम) दिलाय, तो कन्व्हर्टरच्या चिठ्ठ्या एकत्र करून देतो. आम्ही हे सगळं केलं, पॉम दहा ओळींवरून सत्तर ओळींवर गेला, आणि चाललं. पण मनात एक धाकधूक कायमची बसली, नवीन डिपेंडन्सी टाकली की हिच्यात अजून कोणती चिठ्ठी असेल जी माझ्या यादीत नाही? आणि ते कळणार कधी, तर क्लायंटकडे. बिल्ड कधीच फुटत नाही हो यात, हाच खरा राग आहे माझा.

पुढच्या प्रोजेक्टला स्प्रिंग बूट घेतलं आणि कॅमलचे स्टार्टर, आणि त्याचं हे प्लगइन. हे सगळ्या जार फोडत नाही. तुमच्या क्लास फाइल्स बूट-आयएनएफच्या क्लासेस फोल्डरमध्ये, लायब्ऱ्यांच्या जार जशाच्या तशा अख्ख्या बूट-आयएनएफच्या लिब फोल्डरमध्ये, आणि वर स्वतःचा एक छोटा लाँचर. जावाला स्वतःहून जारच्या आतली जार वाचता येत नाही, म्हणून मॅनिफेस्टमध्ये (जारची माहिती सांगणारी आतली फाइल) मेन क्लास तुमचा नसतो, जारलाँचर असतो, तो आधी उठतो, आतल्या जार वाचू शकणारा क्लासलोडर उभा करतो आणि मग तुमच्या मेनला हाक मारतो. पातेल्यात सगळ्या भाज्या एकत्र ओतण्यापेक्षा चार कप्प्यांचा डबा. प्रत्येक जारची चिठ्ठी तिच्यापाशीच, सही तिच्यापाशीच. त्या सत्तर ओळी एका झटक्यात गेल्या. पहिल्यांदा चालवलं तेव्हा मी मुद्दाम तीच जुनी फाइल टाकून बघितली, गपचूप खाल्ली तिने.

एक बारीक गोष्ट, कॅमलवाल्यांना लागतेच. तुमच्या अ‍ॅपमध्ये वेबचा काही भाग नसेल, नुसता फोल्डर बघणारा राउट असेल, तर काही वेळा अ‍ॅप सुरू होतं, राउट सुरू झाले म्हणून लॉग येतो आणि लगेच बंद. जारचा दोष नाही, जेव्हीएमला जागं ठेवायला कोणी नाही म्हणून. कॅमलच्या प्रॉपर्टीत मेन रन कंट्रोलर ट्रू करायचं, संपला विषय. नवीन पोरं याच्यावर अर्धा दिवस घालवतात म्हणून लिहिलं.

डिसेंबर २०२१ आठवतोय? लॉग-फोर-जेमध्ये सुरक्षेचं मोठं भोक सापडलं तो प्रकार, सगळ्या आयटीची झोप उडाली होती. क्लायंटच्या सिक्युरिटी टीमचा मेल, तुमच्या सगळ्या अ‍ॅप्समध्ये कुठलं व्हर्जन आहे ते आजच्या आज कळवा. स्प्रिंग बूटच्या जारचं उत्तर एका मिनिटात, जारच्या आतली यादी काढायची, लॉगफोरजे शोधायचं, फाइलच्या नावातच व्हर्जन. त्यात अजून एक गंमत, यादीत लॉग-फोर-जे एपीआयची जार दिसली आणि तिकडे घबराट. त्यांना फोनवर समजावलं की मॅडम, बूटचं डिफॉल्ट लॉगिंग लॉगबॅक आहे, ही एपीआयची जार फक्त पूल म्हणून असते, भोक आहे ते कोअरच्या जारमध्ये आणि ती आपल्याकडे नाहीच, यादीत बघा. बघितलं, पटलं, बंद. आणि तो जुना शेडवाला जार? त्यात सगळे क्लास एकत्र कालवलेले, स्कॅनर म्हणे काही सापडत नाही, पण हाताने बघितलं तर कोअरचे क्लास आहेत. व्हर्जन कुठलं ते सांगणाऱ्या मेव्हनच्या फाइल्स जागा वाचवायला म्हणून मीच फिल्टर लावून काढल्या होत्या. रात्रभर जुने गिट कमिट चाळले. तरी खरं ते सांगतो, जेएनडीआय लुकअपचा क्लास उडवायचा तात्पुरता उपाय त्या शेडवाल्या जारवर एका कमांडमध्ये झाला, क्लास वरवरच पडलेला ना. बूटच्या जारमध्ये आतली जार बाहेर काढून, त्यातून उडवून, परत आत बसवावी लागली असती.

आता कुरकुर. एक स्टार कुठे गेला ते.

पहिलं म्हणजे पॅरेंट पॉम. स्प्रिंग बूटचा स्टार्टर पॅरेंट घेतला तर हे प्लगइन नुसतं नावाने टाकलं तरी बांधणी होते, कारण रीपॅकेज नावाचं पाऊल तिथे आधीच जोडलेलं असतं. पण आपल्याकडे मोठ्या कंपनीत कंपनीचा स्वतःचा पॅरेंट पॉम असतो, मग बूटचा बॉम (लायब्ऱ्यांच्या व्हर्जनची यादी) इम्पोर्ट करून काम भागवतात, आणि तेव्हा ते पाऊल आपणच लिहावं लागतं. नाही लिहिलं तर? बिल्ड सक्सेस! जार तयार! फक्त साठ एमबीच्या ऐवजी नव्वद केबीचा. आणि चालवला की म्हणतो, मेन मॅनिफेस्ट अ‍ॅट्रिब्यूट नाही. ही चूक मी स्वतः एकदा केली आणि तीन पोरांची पकडली, आता जार हातात आला की आधी साइझ बघतो, भाजीवाली जुडी हातात घेऊन वजन ओळखते तसं.

आणि बरोबर बांधलं तर टार्गेट फोल्डरमध्ये दोन फाइल्स असतात, एक खरी आणि एक डॉट ओरिजिनल शेपटीची, म्हणजे बांधायच्या आधीची. आमच्या एका ज्युनिअरने एकदा शेपटी काढून तीच पाठवली. का रे बाबा? तर म्हणे "सर, ओरिजिनल लिहिलं होतं, मला वाटलं हीच खरी." यावर काय बोलणार. मराठी माणूस ओरिजिनल सोडून डुप्लिकेट कशाला पाठवेल.

दुसरी कुरकुर आपल्या धंद्यातली, एक्सएसडी आणि डब्ल्यूएसडीएल (सोप सर्व्हिसचं वर्णन करणारी फाइल). या फाइल्स आपण रिसोर्सेसमध्ये टाकतो, आयडीईत त्या डिस्कवर खऱ्याखुऱ्या फाइल्स असतात, त्यामुळे रिसोर्सवर गेटफाइल म्हणून काम चालतं. जारमध्ये गेल्यावर ती फाइल राहत नाही, जारमधली एक नोंद होते, आणि एरर येतो की हा रिसोर्स फाइल सिस्टिमवर नाही, त्यात तो लांबलचक पत्ता, मध्ये उद्गारचिन्हं घातलेला, जणू तोही ओरडतोय. स्ट्रीम म्हणून वाचा, फाइल म्हणून मागू नका, एवढंच. प्रामाणिकपणे, हे शेडमध्येही फुटलंच असतं, प्लगइनला दोष देणं बरोबर नाही, पण कॅमलचा व्हॅलिडेटर क्लासपाथवरून नीट वाचतो आणि आपलाच हाताने लिहिलेला प्रोसेसर फुटतो, तेव्हा शोधायला वेळ जातो.

तिसरी मात्र या डब्याचीच खोड. आतल्या जार तो दाबून, कॉम्प्रेस करून ठेवत नाही, जशाच्या तशा ठेवतो, कारण लाँचरला मधूनच उडी मारून त्या वाचायच्या असतात. हे आपल्याला माहीत असायचं कारण नाही आणि ऑप्सच्या दादांना तर नाहीच नाही. झालं काय, प्रॉडक्शनला डेटाबेसचा पासवर्ड बदलला, शनिवारी रात्री. प्रॉपर्टी फाइल जारच्या आत, माझीच कृपा. दादा अनुभवी माणूस, वॉर फाइलच्या जमान्यातला, त्यांनी माझी वाट न बघता जार अनझिप केला, पासवर्ड बदलला, परत झिप केला, नाव जार दिलं. वॉरला हे चालायचं. इथे अ‍ॅप उठेना. मला फोन, "अहो साहेब, तुमच्या जारला काय झालंय बघा, मी काहीच नाही केलं." लॉग मागवला, त्यात स्वच्छ लिहिलेलं की बूट-आयएनएफ लिबमधली अमुक जार उघडता येत नाही, ती कॉम्प्रेस झालेली आहे आणि आतल्या जार कॉम्प्रेस न करता ठेवायच्या असतात. एरर मेसेज कसा असावा याचं उदाहरण म्हणून दाखवावा इतका नीट. मी म्हटलं, "दादा, झिप केलं का परत?" पलीकडे शांतता. मग "केलं थोडंसं." शून्य कॉम्प्रेशनवर झिप करायला सांगितलं, उठलं, रविवार वाचला. पण तेव्हाच कानाला खडा लावला की सर्व्हरनुसार बदलणारी एकही गोष्ट जारच्या आत ठेवायची नाही.

आणि कॉन्फिग बाहेर ठेवलं की चौथी. स्प्रिंग बूट बाहेरच्या कॉन्फिग फोल्डरला आतल्यापेक्षा वरचा मान देतं, हे मस्त आहे. आम्ही सूचनेत लिहिलं, जारशेजारी कॉन्फिग नावाचा फोल्डर करा, त्यात फाइल टाका. हाताने चालवून बघितलं, बरोबर. मग सिस्टिमडीची (लिनक्सवर सर्व्हिसेस चालू-बंद करणारा प्रोग्राम) सर्व्हिस केली, रीबूटनंतर आपोआप उठावं म्हणून. उठलं. एकही एरर नाही. फक्त फाइल्स जात होत्या यूएटीच्या सोप सर्व्हिसला. प्रॉडक्शनच्या फाइल्स, यूएटीला, पावणेदोन तास! कारण तो कॉन्फिग फोल्डर जारशेजारी शोधला जात नाही, चालू डिरेक्टरीत शोधला जातो. हाताने चालवताना आपण त्याच फोल्डरमध्ये उभे असतो म्हणून फरक कळत नाही. सिस्टिमडी वेगळं काही सांगितलं नाही तर मुळापासून, म्हणजे नुसत्या स्लॅशपासून चालवतं, तिथे कॉन्फिग फोल्डर कुठला, मग जारच्या आतलं डिफॉल्ट घेतलं गेलं आणि ते डिफॉल्ट यूएटीचं. सर्व्हिस फाइलमध्ये वर्किंगडिरेक्टरीची एक ओळ टाकायची किंवा कॉन्फिगचा पत्ता पूर्ण द्यायचा. आणि आता आमच्या जारच्या आत डिफॉल्ट म्हणून मुद्दाम अर्धवट कॉन्फिग असतं, पत्ताच नाही, म्हणजे बाहेरचं सापडलं नाही तर अ‍ॅप सुरूच होऊ नये. बंद पडलेलं परवडलं, चुकीच्या दारात माल टाकणारं नको.

त्याच सर्व्हिस फाइलमध्ये अजून एक ओळ टाका, १४३ हा एक्झिट कोड यशस्वी समजा म्हणून. जावाला टर्म सिग्नल देऊन नीट बंद केलं तरी तो १४३ देऊन बाहेर पडतो आणि सिस्टिमडी त्याला फेल्ड म्हणून लाल रंगात दाखवतं, मग मॉनिटरिंगवाल्यांचा फोन.

चालू जारवर नवा जार कॉपी करू नका. सगळे करतात. जावा क्लास लागेल तेव्हा उचलतो, सुरुवातीला सगळे नाही, त्यामुळे अ‍ॅप बंद होताना एखादा क्लास पहिल्यांदा लागतो आणि तोवर खालची फाइल बदललेली असते, मग लॉगबॅकचाच क्लास सापडत नाही असले विचित्र एरर. कॅमलवाल्यांना हे जास्त लागतं, कारण कॅमल बंद होताना हातातली कामं संपवायला थांबतं, नव्या व्हर्जनमध्ये डिफॉल्ट ४५ सेकंद, आणि नेमकी त्याच वेळेत बिघडाबिघड होते, म्हणजे अर्धी फाइल प्रोसेस झालेली आणि अर्धी हवेत. आम्ही व्हर्जनच्या नावाने जार ठेवतो आणि एक सिमलिंक (दुसऱ्या फाइलकडे बोट दाखवणारी लिंक) नवीनकडे वळवून रीस्टार्ट करतो. मागे जायचं असलं तरी लिंक वळवली की झालं, दादांना हे फार आवडलं.

"सगळं आत आहे" हे जे म्हणतात ना, ते पूर्ण खरं नाही हेही सांगून ठेवतो. जावा आत नाही. बूट ३ ला जावा १७ लागतो, सर्व्हरवर ८ असेल तर क्लास फाइलचं व्हर्जन ६१, मला ५२ पर्यंतच कळतं असं सांगून तो हात वर करतो. पीजीपीच्या की आणि कीस्टोअरही आत ठेवू नयेत, तेव्हा एक फाइल म्हणता म्हणता सूचनेच्या पानावर चार गोष्टी येतातच. डॉकर (अ‍ॅप आणि त्याला लागणारं सगळं एका इमेजमध्ये बांधणारं टूल) असेल तर जावाचा प्रश्न मिटतो, आणि तिथे हे प्लगइन चांगलं खेळतं, २.३ पासून जारचे थर करता येतात, २.४ पासून ते आपोआप होतात, लायब्ऱ्या एका थरात, तुमचा कोड वेगळ्या थरात. राउटमध्ये एक ओळ बदलली म्हणून साठ एमबी परत ढकलायला नको. आमच्या या क्लायंटकडे डॉकर नाही, विचारलं तर म्हणतात पुढच्या वर्षी, तीन वर्षं झाली म्हणतायत.

बाकीचे पर्याय थोडे वापरलेत. म्यूल या दुसऱ्या इंटिग्रेशन प्लॅटफॉर्मचं बघायचं तर त्याचंही मेव्हन प्लगइन जारच देतं, पण ती जार म्यूलच्या रनटाइमच्या अ‍ॅप्स फोल्डरमध्ये टाकायची असते, नुसती चालत नाही. टाकली की उचलतो आणि शेजारी एक अँकर नावाची टेक्स्ट फाइल तयार करतो, ती फाइल डिलीट केली की अ‍ॅप उतरतं, हे डिझाइन मला मनापासून आवडतं, ऑप्सवाल्याला फाइल डिलीट करण्याएवढं सोपं दुसरं काय. पण रनटाइम वेगळा सांभाळा. क्वार्कस या दुसऱ्या जावा फ्रेमवर्कवर कॅमल उठतं झटकन, पण डिफॉल्टला एक जार न देता अख्खा फोल्डर देतं, त्यातली एकटी जार उचलून पाठवली की रडारड. एकच जार हवी तर उबर-जार सांगावं लागतं.

शेड वाईट आहे का? नाही. छोटं कमांड लाइन टूल असेल, लायब्ऱ्या दोन-तीन, स्प्रिंग नाही, तर मी आजही शेडच घेईन, जार लहान, लाँचरची भानगड नाही. क्लासची पॅकेजची नावं बदलून दोन व्हर्जन एकत्र नांदवायची सोय शेडमध्ये आहे, ती बूटच्या प्लगइनमध्ये नाही. पण कॅमल, सीएक्सएफ (सोपसाठीची लायब्ररी), बाउन्सी कॅसल अशी मंडळी एका घरात असतील तर प्रत्येकाला स्वतःची खोली द्या बाबांनो.

बिल्ड-इन्फो नावाचा त्याचा अजून एक गोल आहे, तो लावा. जारच्या आत बिल्डची वेळ आणि व्हर्जन लिहून ठेवतो, अ‍ॅक्च्युएटर (बूटचा देखरेखीचा भाग) लावला असेल तर ब्राउझरमध्ये दिसतं. आधी फोनवर "कुठला जार आहे तिकडे?" विचारलं की "शेवटचा पाठवलेला" असं उत्तर यायचं. परवा दादांनी स्वतः फोन केला, म्हणाले, "साहेब, १.८.२ चढवलाय, तुमच्या मेलमध्ये १.८.३ लिहिलंय, कुठला ठेवू?" मेलला जोडलेली फाइल उघडून बघितली, चूक माझी होती.